मालमत्ता कराचा दाखला

आई-वडिलांच्या सोबतीला आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो आणि मुलुंडचा फ्लॅट महिना २८,००० रुपयांनी भाड्याने दिला, तेव्हा आपण घरमालक झालो या विचाराने माझी छाती बरेच दिवस फुगलेली होती. जुलैत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायची वेळ आली आणि ती जागेवर आली.

सोसायटीला वर्षभर भरलेल्या मेंटेनन्सचा आकडा मी मोठ्या आशेने आमच्या सीएंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितले की, भाड्यातून आधी वजा होतो तो फक्त महापालिकेचा मालमत्ता कर, तोही त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला असेल तर. उरलेल्या रकमेवर तीस टक्क्यांची सरसकट वजावट मिळते आणि सेवा शुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, लिफ्ट, पाण्याचा पंप हे सगळे त्या तीस टक्क्यांच्या पोटात गेले असे समजायचे. म्हणजे भिंतीला वर्षभर रंगाचे बोटही लावले नाही तरी तीस टक्के, आणि गळती थांबवण्यात लाखभर रुपये घातले तरी तीसच.

"तेवढी मालमत्ता कराची पावती आणा," सीए म्हणाले.

आता पावती माझ्या नावाची असते कुठे? पालिकेचे बिल येते ते अख्ख्या इमारतीचे, संस्थेच्या नावाने; सोसायटी ते भरते आणि आमचा वाटा मेंटेनन्सच्या बिलात घालून वसूल करते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून हा कर माफ आहे. आमचे घर ५४० फुटांचे, आणि ते वरचे ४० फूट नेमके कुठे आहेत हे आम्हाला अजून सापडलेले नाही.

सोसायटीचे ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, रविवारी साडेदहा ते बारा उघडी.

"अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो," सेक्रेटरी म्हणाले.

"काका, फक्त एक आकडा हवाय हो."

"आकडा आत्ता सांगतो. सही-शिक्का मात्र ठरावाशिवाय नाही."

दोन रविवार ठरावात गेले. तिसऱ्या रविवारी खजिनदारांनी जाडजूड रजिस्टर उघडून माझ्या वाट्याचे ७,२०० रुपये शोधले. शिक्क्याचे पॅड वाळून कोरडे पडले होते. त्यावर बिसलेरीच्या बाटलीतले चार थेंब शिंपडून त्यांनी शिक्का दोन्ही हातांनी दाबला, तेव्हा कागदावर संस्थेच्या नावातला 'मर्यादित' एवढाच शब्द स्पष्ट उमटला. मी दाखला उचलणार, तोच त्यांचे बोट रजिस्टरमधल्या माझ्या नावावर अडले.

"भाडेकरू कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"चौदा महिने झाले. कराराची प्रत वॉचमनकडे दिली होती मी."

"मग बिनभोगवटा शुल्क लागलेलं दिसत नाही ते!"

स्वतः न राहता घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सोसायटी घेते ते हे शुल्क; सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत ते आकारता येते, हे त्यांना तोंडपाठ होते. महिना १५० रुपये, चौदा महिने, एकूण २,१०० रुपये. पावती मात्र त्यांनी ठरावाची वाट न पाहता जागच्या जागी फाडली.

परतीच्या लोकलमध्ये मी हिशेब मांडला. ७,२०० वजा झाल्याने तीस टक्क्यांची वजावटही थोडी घटते, त्यामुळे करपात्र उत्पन्न कमी झाले ५,०४० रुपयांनी. माझ्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, वाचले १,०४८ रुपये. डोंबिवलीला उतरताच मी सीएंना फोन लावला आणि हे २,१०० तरी कुठे वजा होतील का, असे विचारले.

"ते त्या तीस टक्क्यांत आलं," ते म्हणाले.