म्हणे अमेरिकेचं स्वतःचं गोड नाहीच

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तो फॉरवर्ड टाकलाय. अमेरिकेचं स्वतःचं असं एकही गोड नाही, ॲपल पाय इंग्लंडचा, बाकी सगळी युरोपची कॉपी, आणि तिथल्या मूळ लोकांना तर गोड म्हणजे काय ते माहीतच नव्हतं.

ॲपल पायचं खरंय, मान्य. सफरचंद मध्य आशियातलं, आणि पाय इंग्लंडात चौदाव्या शतकापासून होतोय. पण त्या एका पायावर अख्खा फॉरवर्ड उभा करायचा?

मूळ लोकांचं म्हणाल तर साफ खोटं. गोरे यायच्या आधीपासून अबेनाकी, अनिशिनाबे लोक मेपलच्या झाडाला खाच पाडून रस काढायचे, आटवून साखर करायचे. 1 लिटर सिरपला साधारण 40 लिटर रस लागतो, म्हणजे बसा चुलीसमोर. लाकोटा लोकांचं वोजापी पण आहे, रानातल्या बेरी शिजवून केलेलं.

आता कॉपी. इंडियन पुडिंग घ्या (हे इंडियन म्हणजे आपण नाही, मक्याच्या पिठाला तेव्हा इंडियन मील म्हणायचे). इंग्लंडातून आलेल्यांना घरच्यासारखं गव्हाचं पुडिंग हवं होतं, पण न्यू इंग्लंडात (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात) गहू धड येईना, मग मका घेतला मूळ लोकांचा, दूध स्वतःच्या गायींचं आणि काकवीसारखं मोलॅसिस कॅरिबियन बेटांवरचं, तेही गुलामांच्या कष्टाचं. 1796 च्या अमेलिया सिमन्सच्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात ह्याच्या तीन रेसिपी आहेत. मी एकदा केलं, मंद ओव्हनमध्ये अडीच तास, वर काळपट साय, आत सरसरीत, दिसायला करपलेली लापशी आणि चव काकवी-सुंठीची. आई चमचाभर खाऊन म्हणाली, तूप घाल की थोडं.

टेक्सासमध्ये डॅलसहून ऑस्टिनला जाताना वेस्ट नावाचं चेक लोकांचं गाव लागतं, तिथे सगळे कोलाचेला थांबतात. मऊ गोड पाव, मधल्या खळग्यात जर्दाळू नाहीतर खसखस. सॉसेजवाल्यालाही लोक सर्रास कोलाचे म्हणतात, पण त्याचं नाव क्लोबासनेक आणि तो टेक्सासमध्येच जन्मला, युरोपात शोधून दाखवा.

फ्राय ब्रेड म्हणजे मैद्याची तळलेली पोळी, त्यावर मध घालून खातात, त्याची गोष्ट तर ऐकवत नाही. 1864 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने तिथल्या मूळ नवाहो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेऊन डांबलं, रेशनला मैदा आणि चरबी दिली, त्यातून हा ब्रेड आला असं नवाहो लोक सांगतात. ही कुणाची कॉपी?

आणि सामान बाहेरचं म्हणून पदार्थ आपला नाही असाच हिशेब असेल, तर शेंगदाणा, बटाटा, मिरची, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. काका, संकष्टीला खिचडी करायची की नाही ते तेवढं ग्रुपवर कळवा.