आधी प्रदेश की आधी विद्यापीठ? दोन आक्षेपांना उत्तर

नमस्कार. परदेशी शिक्षणाबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, 'आधी प्रदेश ठरवा, मग विद्यापीठ' हा लेखातला सल्ला उलटा आहे. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत वरचं नाव मिळालं की शहर, राज्य, देश सगळं दुय्यम ठरतं. दोन, जर्मनीत सरकारी विद्यापीठांना फी नसते हे विधान चूक आहे.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. बव्हेरियात म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अभ्यासक्रमानुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो फी सुरू केली. लेखात दुरुस्ती केली आहे. पण ही चूक झाली तीच मुळी 'देश' या एका शब्दावर थांबल्यामुळे. राज्यापर्यंत उतरलं असतं तर झाली नसती.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तुम्ही मांडलंत त्याहून जास्त आहे. काही ठिकाणी क्रमवारी थेट नियमातच आली आहे. नेदरलँड्सचा एक वर्षाचा नोकरीशोध परवाना पहिल्या २०० विद्यापीठांच्या पदवीधरांना, तेही पदवीनंतर तीन वर्षांच्या आत, परदेशातून अर्ज करून मिळू शकतो. ब्रिटनचा हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसाही (वरच्या परदेशी विद्यापीठांच्या पदवीधरांसाठीचा) अशाच यादीवर चालतो. मात्र दोन्हीकडे पाहिलं जातं ते पदवी मिळाली त्या वेळचं स्थान. प्रवेश घेताना यादीच्या अगदी शेवटाला असलेलं विद्यापीठ दोन वर्षांत यादीबाहेर गेलं, तर हातात काही उरत नाही. त्यामुळे या आधारावर निवड करायचीच असेल, तर मागच्या चार-पाच वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून पाहा.

आता क्रमवारी मोजते काय? क्यूएस या क्रमवारीत ३० टक्के गुण प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाच्या सर्वेक्षणाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या सर्वेक्षणाला आहेत. शांघाय क्रमवारीत ३० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या नोबेल व गणितातल्या फील्ड्स पदकांवर अवलंबून असतात. तुम्ही घेणार असलेल्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात काय शिकवतात, प्रकल्प कंपनीत करता येतो का, हे यातून कळत नाही. ते मॉड्यूल हँडबुकमधून, म्हणजे अभ्यासक्रमातल्या एकेका विषयाची माहिती देणाऱ्या पुस्तिकेतून कळतं, आणि ते वाचायला बसलं की एक संध्याकाळ सहज जाते. ती घालवाच. जर्मनीत मास्टर्सचे कितीतरी अर्ज एकूण गुण चांगले असूनही परत येतात, कारण पदवीच्या काळात गणिताचे किंवा मूळ विषयाचे ठरावीक क्रेडिट भरलेले नसतात. आपली गुणपत्रिका आणि त्यांची अट शेजारी ठेवून एकेका विषयाचे क्रेडिट मोजल्याशिवाय अर्जाची फी भरू नका.

प्रदेशाचा परिणाम कुठे दिसतो तेही सांगणं भाग आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बहुतेक भाग 'प्रादेशिक' धरला जातो; पर्थ आणि ॲडलेडसुद्धा. तिथे शिकून, शिक्षणानंतर मिळणाऱ्या पहिल्या पदवीधर व्हिसावर किमान दोन वर्षं अशाच भागात राहिलं, तर ठिकाणानुसार एक किंवा दोन वर्षांचा दुसरा व्हिसा मागता येतो. घोटाळा होतो तो कॅम्पसवरून. सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस रॉकहॅम्प्टनला आहे, पण सिडनी-मेलबर्नलाही त्याचे कॅम्पस आहेत, आणि मोजला जातो तो तुम्ही शिकता तो कॅम्पस. ब्रिटनमध्येही ठिकाणानुसार फरक पडतो. नोव्हेंबर २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करताना राहण्याच्या खर्चापोटी लंडनला महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. म्हणजे नऊ महिन्यांना ३,२२२ पौंडांचा फरक. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. (पीएचडीला मात्र माझा क्रम लागू नाही. तिथे आधी मार्गदर्शक, मग बाकीचं. हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं.)

शेवटी तुमचं उदाहरण: अमेरिकेत अर्थशास्त्राचं मास्टर्स, एक विद्यापीठ क्रमवारीत बरंच वर, दुसरं खाली, आणि तुमच्या मते निर्णय उघड आहे. माझ्या मते नाही. विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रमाचा सहा अंकी सीआयपी कोड, म्हणजे सरकारी वर्गीकरणातला क्रमांक, छापलेला असतो. साध्या अर्थशास्त्राचा ४५.०६०१, अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३. पहिला स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत नाही, दुसरा आहे. पहिल्यावर शिक्षणानंतर कामाची मुदत १२ महिने. दुसऱ्यावर, मालक ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत) नोंदलेला असेल तर, आणखी २४. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची नोंदणी वर्षातून एकदा, मार्चमध्ये होते. १२ महिन्यांत साधारण एकदाच संधी मिळते, ३६ महिन्यांत तीनदा. वर्गात शिकवलं जाणारं बरंचसं सारखंच असू शकतं. फरक विभागाने कोणता कोड घेतला याचा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नुसतं 'स्टेम' लिहिलेलं पुरेसं मानू नका, एकाच विभागात दोन्ही कोडचे अभ्यासक्रम असू शकतात. अनामत भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि सत्र लिहून एवढंच विचारा: माझ्या आय-२० वर कोणता सीआयपी कोड येईल? उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या.