जमीन ‘आपोआप’ परत येत नसते
आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभरात एकच मेसेज तीनदा आला. ‘सरकारचा नवा कायदा! पोरगं सांभाळत नसेल तर नावावर केलेली जमीन आपोआप परत. दरमहा 10,000 रुपये मिळणारच. लेकींवर जबाबदारी नाही. सरकारी नोकराचा पगार कापणार. साठीनंतर एसटी फुकट.’ खाली हात जोडलेले.

कायदा नवा नाही, 2007 चा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. त्यात बळ आहे, पण मेसेजमध्ये लिहिलंय तसं नाही.

जमिनीचंच बघा. शेजारच्या वाडीतल्या एक मावशी हा मेसेज घेऊन माझ्याकडे आल्या. कॅरीबॅगमधून बक्षीसपत्र काढलं, घड्यांवर फाटत आलेलं. दोन एकर, थोरल्याच्या नावावर. मी चारही पानं वाचली. ‘नैसर्गिक प्रेमापोटी व स्वखुशीने बक्षीस दिले’ असं होतं. सांभाळण्याचा एक शब्द नव्हता. मावशी मला म्हणाल्या, “पण तोंडानं बोलला होता की तो, बापू.”

तिथंच अडतं. कलम 23 म्हणतं, सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट मोडली, तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अशी अट मुळात घातलेलीच नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला त्याच न्यायालयानं मालमत्ता परत मिळवून दिली, आणि कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचा असंही बजावलं. पण त्या बाईंकडे मुलानं सांभाळण्याचं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आणि ‘आपोआप’ तर काहीच होत नाही. प्रांताधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात अर्ज, सुनावणी, आदेश, मग सातबाऱ्यावर फेरफार.

म्हणून निबंधकाकडं सही करण्याआधी मसुद्यात ‘हयातभर जेवणखाण, औषधपाणी बघण्याच्या अटीवर’ एवढी ओळ घालून घ्या. मला विचाराल तर बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. ते शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. आणि वडिलोपार्जित शेतातला मुलाचा स्वतःचा हिस्सा वाटणीनं दिला असेल तर ते बक्षीस नव्हेच. तिथं कलम 23 दाखवून उपयोग नाही.

दहा हजार ही कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. म्हाताऱ्यांची गरज आणि मुलाची ऐपत बघून आकडा ठरतो. मुलगा कोरडवाहू सोयाबीनवर जगत असेल तर आदेश दोन-अडीच हजारांचाही होऊ शकतो. मात्र अर्जाचा निकाल नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत लागावा असं कायदा सांगतो. आदेश होऊनही पैसे थकवले तर महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे.

‘लेकींवर जबाबदारी नाही’ हे सगळ्यात घातक, कारण ज्यांना फक्त लेकीच आहेत त्या बायांनी काय करावं? कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे आहेत. सज्ञान असले की झालं. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार किंवा ज्याच्या ताब्यात ती आहे, तो पुतण्यासुद्धा. (सून या व्याख्येत नाही. आपल्याकडं सगळे शिव्याशाप मात्र तिलाच.)

पगारकपातीच्या गोष्टीला मूळ आहे, पण ते लातुरात. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 30 टक्के पगार कापायचा ठराव तिथल्या जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये केला. तो जिल्हा परिषदेचा ठराव. 2007 च्या कायद्यात असं कलम नाही.

एसटी फुकट आहे ती 75 पूर्ण झाल्यावर, 2022 पासून. 65 ते 75 अर्धं तिकीट. बायकांना 75 च्या आत वय कितीही असो, 2023 पासून अर्धं. साठीच्या गड्याला पूर्ण.

मावशींचं बक्षीसपत्र मी बाजूला ठेवलं. जमिनीचं कठीण आहे, पण निर्वाहाचा हक्क त्या कागदावर अवलंबून नाही. जमीन दिली तरी पोरगा पोरगाच राहतो. म्हणून निर्वाहाचा अर्ज भरायला घेतला. थोरल्याचं नाव झालं, धाकट्याचं झालं. लेकीचं नाव विचारलं तर मावशींनी माझ्या पेनवर हात ठेवला.

“तिचं नको लिहू. तिनंच गाडीभाडं दिलंय आज.”