पाण्यात विरघळतं म्हणून निर्धोक? अजिबात नाही

"ग्लायकॉल इथर हा नवा, सुरक्षित थिनर. पाण्यात विरघळतो, म्हणून शरीरात साठत नाही. उग्र वास नाही, म्हणजे धोका नाही. हातमोजे नकोत, पाण्याने हात धुतले की झालं. क्रीममध्येही हेच असतं." असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझा भाचा स्क्रीन प्रिंटिंगच्या कामात आहे. त्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, मी उगाच ग्लोव्ह्ज घालत होतो." म्हणून हा खटाटोप.

आधी हातमोज्यांचं, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. ही द्रावकं पाण्यात मिसळतात आणि तेलकट पदार्थही विरघळवतात. शाई आणि रंगाला ती चालतात ती याच गुणामुळे, आणि याच गुणामुळे ती कातडीतून सहज आत शिरतात. हाताची आग होत नाही, फोड येत नाहीत, त्यामुळे काही आत गेलंय याचा पत्ताच लागत नाही. नुसती वाफसुद्धा त्वचेतून शोषली जाते. काम संपल्यावर हात धुवून, आधीच आत गेलेलं बाहेर कसं येणार?

आत गेल्यावर काय होतं? ग्लायकॉल इथरच्या घराण्यातलं मिथॉक्सिइथेनॉल घ्या. यकृतातलं एन्झाइम त्याचं मिथॉक्सिअॅसेटिक आम्ल करतं, आणि खरं विष ते आम्ल आहे. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी, अस्थिमज्जा आणि गर्भ यांच्यावर त्याचा घाला पडतो. माणसाच्या शरीरातून ते निम्मं व्हायला साधारण ७७ तास लागतात. म्हणजे आजचं निघायच्या आत उद्याचं येऊन बसतं आणि आठवडाभर साठत जातं. "साठत नाही" म्हणणाऱ्याने हे कुठे वाचलं, ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये मिथॉक्सि आणि इथॉक्सिइथेनॉलवर सविस्तर दस्तऐवज काढला. जहाजांच्या गोदीतल्या रंगाऱ्यांमध्ये शुक्राणूंची संख्या कमी असण्याचं प्रमाण जास्त आढळल्याची नोंद त्यात आहे. मिथॉक्सिसाठी त्यांनी सुचवलेली हवेतली मर्यादा आहे ०.१ पीपीएम (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग). तिथल्या कायद्यातली जुनी मर्यादा २५ पीपीएम, म्हणजे अडीचशे पट सैल.

वासाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. मिथॉक्सिचा वास साधारण २ पीपीएमच्या पुढेच जाणवतो. नाकाला कळेपर्यंत सुचवलेली मर्यादा वीसेक पटीने ओलांडलेली असते.

क्रीमचं म्हणाल तर त्यात असतं ते फिनॉक्सिइथेनॉल. ते टिकाऊपणासाठी घालतात आणि युरोपात त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. घराणं एक म्हणून सगळ्यांचे गुण एक होत नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. प्रोपिलिन ग्लायकॉलपासून केलेले इथर, उदाहरणार्थ मिथॉक्सिप्रोपेनॉल, बरेच कमी घातक आहेत, कारण त्यांच्या मुख्य रूपापासून तसं आम्ल बनत नाही. ब्युटॉक्सिइथेनॉल उंदरांच्या तांबड्या पेशी फोडतं, पण माणसाच्या पेशी त्याला फारशी दाद देत नाहीत, हेही खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने हा फरक केलाय कुठे? सरसकट "ग्लायकॉल इथर" म्हणून मोकळा झालाय.

म्हणून डब्यावरचं गोंडस नाव सोडा आणि सुरक्षा-पत्रकातला कॅस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, बघा. १०९-८६-४ (मिथॉक्सिइथेनॉल) किंवा ११०-८०-५ (इथॉक्सिइथेनॉल) दिसला तर ते द्रावक बदलून मागा. १०७-९८-२ म्हणजे मिथॉक्सिप्रोपेनॉल, त्यातल्या त्यात बरं, तरी खिडक्या उघड्या हव्यातच, आणि ते पेट घेणारं आहे. हातमोजे ब्युटिल रबरचे घ्या. पातळ लॅटेक्समधून ही द्रावकं आरपार जातात. भाच्याला हेच कळवलंय, आणि मेसेज जिथून आला त्या ग्रुपवरही टाकायला सांगितलंय.