पंचेचाळिशीतला तत्कार आणि पुण्याचे पहारेकरी

पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीनं, म्हणजे ताईनं, मध्यंतरी एक लांबलचक पोस्ट लिहिली. ती कथक विशारद आहे, तिचा स्वतःचा वर्ग आहे, दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्यात. त्यामुळे पोस्टखाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग लागली. मुद्दा असा, की तिशी-चाळिशी उलटल्यावर घुंगरू बांधणाऱ्यांची सध्या लाट आलीय. त्यांना तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, बसायच्या आधी स्टेज हवं असतं आणि स्टेज मिळायच्या आधी स्वतःची 'कोरिओग्राफी' करायची असते. अशांनी तिकीट काढून समोर बसावं, नाचणं ज्यांनी सातव्या वर्षी सुरू केलं त्यांच्यावर सोडावं. माझं नाव कुठंच नव्हतं. पण कुटुंबाच्या ग्रुपवर मी माझ्या एका छोट्या रचनेचा व्हिडिओ टाकल्यावरच ही पोस्ट आली, आणि तिच्यात 'परदेशातून येणाऱ्या छत्र्याबित्र्या' असा उल्लेख होता. छत्री माझी होती.

आता ताई हे वाचेलच, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मी लंडनच्या हॅरोत राहतो. आमचा वर्ग रविवारी चर्चच्या हॉलमध्ये भरतो, बाळांचा सेन्सरी क्लास सुटल्यावर आणि झुंबा सुरू व्हायच्या आधी. खुर्च्या आपणच रचून कडेला लावायच्या. बाई नैरोबीत वाढलेल्या, लखनौ घराण्याच्या. बोल म्हणताना गुजराती हेल येतो. सोबत एक निवृत्त शिक्षिका, एक पोलिश नर्स आणि दोन तमिळ अकाउंटंट. घरी सराव करायची सोय नाही. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि खोल्यांमध्ये कार्पेट हवंच असं लीजमध्ये लिहिलेलं. कार्पेटवर तत्कार केला तर पायाला कळतं, कानाला काही कळत नाही. म्हणून मी तो स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर करतो, घुंगरांशिवाय, तेही खालचा माणूस कामावर गेला की. ताईनं आयुष्यभर शहाबादी फरशीवर पाय मारलेत. तिच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की 'आज लय चढवली होतीस वाटतं' म्हणायच्या. हौस म्हणजे काय हे मला शिकवण्याआधी तिनं एकदा सॉक्स घालून चौगुन, म्हणजे चौपट लय, करून दाखवावी.

'ता थेई थेई तत, आ थेई थेई तत.' आठ मात्रा, दोनदा म्हटल्या की तीनतालाचं एक आवर्तन. आधी बराबर, मग दुगुन, मग चौगुन. ऐकायला इतकं सोपं, की नवशिक्याला पहिल्या तासातच आपल्याला येतं असं वाटतं. मग बाई हातानं टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न देता हात उघडायची नववी मात्रा) दाखवत तोंडानं पढंत, म्हणजे बोल म्हणणं, करायला लावतात. पाय एकीकडे, जीभ दुसरीकडे, आणि नवव्या मात्रेला हात उघडायचा विसरतो. तळवा पूर्ण टेकला पाहिजे, गुडघा सरळ, वरचं अंग शांत. माझे गुडघे कुरकुरतात, हे खरं. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, फिजिओची वाट बघता बघता मी बर्फाच्या पिशव्यांवर तज्ज्ञ झालोय. चक्कर डाव्या टाचेवर घ्यायचं. सातव्या वर्षीच्या मुलीला ते खेळ वाटतं, मला जमीन सरकल्यासारखं होतं.

शरीराचा मुद्दा ताईला देऊन टाकतो. पण मोठ्या माणसाकडे जे असतं ते ती का मोजत नाही? तिहाईच घ्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा करून समेवर येणं. सोळा मात्रांचा ताल. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, निघून पुढच्या समेवर यायचं तर सतरा मात्रा हातात असतात. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोनदा एकेक मात्रा श्वास, बेरीज सतरा. ही दमदार. श्वास न घेता बेदम करायची तर सतराला तीननं भाग जात नाही. मग समेवरून निघायचंच नाही, खालीवरून निघायचं. नववी मात्रा धरून सोळावीपर्यंत आठ, वर सम, झाल्या नऊ. 'तिग्दा दिगदिग थेई' या तीन मात्रा, तीन वेळा. शेवटचं थेई बरोबर समेवर. हे उलगडलं तेव्हा मी भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर गुडघ्यावर बोटं वाजवत उतरायचं स्टेशन सोडून पुढं गेलो. आठ वर्षांची मुलगी हीच तिहाई माझ्यापेक्षा शंभरपट सुंदर करते, मान्य. ती तिहाई समेवर का बसते हे त्या मुलीला विचारा. ती करते कारण बाईंनी सांगितलंय.

उशिरा सुरुवात केली म्हणजे कलेला बाधा आली, हे तर इतिहासालाही पटणारं नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल 1904 सालच्या. पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळैंकडे शिकून 1935च्या डिसेंबरात त्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या अधिवेशनात पहिल्यांदा भरतनाट्यम नाचल्या, म्हणजे एकतिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्यांची कलाक्षेत्र ही संस्था उभी राहिली. उदयशंकर इथं लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले होते. कुठल्याही शास्त्रीय शैलीचं रीतसर शिक्षण नव्हतं, आणि 1923 साली रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोवांसाठी राधाकृष्ण बसवून त्यांच्याबरोबर नाचले. हे मी ग्रुपवर टाकलं. ताईचं उत्तर तयार होतं, 'रुक्मिणीदेवींकडे मीनाक्षीसुंदरम होते. तुझ्याकडे रविवारचा दीड तास आहे.' (नर्तक अक्रम खान इथंच लंडनमध्ये कथकगुरू प्रताप पवारांकडे शिकला आणि तो मात्र सातव्या वर्षी लागला, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.)

आमच्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर पंचावन्नच्या पुढच्यांसाठी बॅलेचा वर्ग असतो. रॉयल ॲकॅडमी ऑफ डान्सनंच त्याला 'सिल्व्हर स्वान्स' असं नाव देऊन रीतसर कार्यक्रम चालवलाय. सत्तरीतल्या आजी आडव्या दांड्याला धरून प्लिए करतात, म्हणजे गुडघे वाकवतात, खाली येऊन केक खातात. बॅलेची परंपरा बुडाली अशी पोस्ट त्यावर कुणी लिहीत नाही. हे मी ताईला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं. तोरा आहेच, इथं पंधरा वर्षं कौन्सिल टॅक्स भरल्यावर माणसाला थोडा तोरा येतो.

पण नंतर विचार करताना लक्षात आलं, की त्या आजींमुळे कुणाचं पोट अडत नाही. व्यावसायिक बॅले कोव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसला, त्याच्या कंपन्या वेगळ्या, पगार वेगळे, तिकिटं वेगळी. आजी कधी चुकून त्या रंगमंचावर येणार नाहीत. पुण्यात तसं कुठाय? कथक नाचून घर चालतं अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळ्यांचं घर वर्गाच्या फीवर चालतं, आणि त्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम हाच बऱ्याच जणींचा रंगमंच. तिथंच वीस वर्षं तयारी केलेली मुलगी एकल करते आणि तिथंच, मधल्या वीस मिनिटांत, आयटीतल्या प्रौढांची बॅच सरस्वतीवंदना करते. प्रौढांची फी वेळेवर येते. शाळकरी मुली दहावीच्या वाढीव गुणांपर्यंत टिकतात, निकाल लागला की घुंगरू माळ्यावर. हॉलचं भाडं, तबल्याची बिदागी, लेहऱ्याला, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या सुरावटीला, हार्मोनियमवाले, हे कुणाच्या पैशावर निघतं ते ताईला चांगलं ठाऊक आहे. ज्यांच्यावर वर्ग चालतो त्यांनाच स्टेजवर पाहवत नाही, म्हणून ती अशी चिडते. असं मला वाटतं. ती म्हणेल, तू अर्थशास्त्र सांगू नकोस, हात नीट कर.

आता छत्री. कथकमध्ये गत असते. घूंघट की गत, मुरली की गत, मटकी, नाव म्हणजे होडी. एक वस्तू किंवा एक मुद्रा घेऊन चाल बांधायची, वळून पलट घ्यायची, पुन्हा पुढं यायचं. बाईंनी आम्हाला गृहपाठ दिला, की रोजच्या बघण्यातली एक वस्तू घ्या आणि चार आवर्तनांत बसवा. नवं काही शोधू नका, शिकवलेल्याच चाली वापरा. नवशिक्याच्या रचनेबद्दल मला त्यातून जे कळलं ते एवढंच, की आपल्याला येतं ते सगळं त्यात कोंबायचं नाही. एक चाल, एक पलट, एकदा थांबणं, एक तिहाई. कुठून आत यायचं आणि तोंड कुठं ठेवायचं हे आधी ठरवायचं, हात नंतर. सगळ्यात अवघड असतं ते थांबणं. दोन मात्रा गप्प उभं राहायचं म्हटलं की नवशिका काहीतरी हलवतोच.

मी हॅरो-ऑन-द-हिलच्या फलाटावर उघडणारी, वाऱ्यानं उलटी होणारी छत्री घेतली. उलटी होते ती पलट, सावरली की खाली, मिटली की सम. तिथंच ती नऊ मात्रांची तिहाई घातली. ताईनं लिहिलं, 'घूंघट, मुरली, मटकी आणि आता छत्री! उद्या कुकर येईल.' येऊ दे की. ज्यानं पहिल्यांदा नाव की गत बांधली त्यानं नदीवर होड्या पाहिल्या होत्या म्हणून बांधली. आणि पुण्यात काय पाऊस पडत नाही?

शुद्धतेबद्दल तिचा जो उमाळा आहे त्यानं मला जास्त राग येतो. अलारिप्पू, जतिस्वरम ते तिल्लाना हा भरतनाट्यमचा क्रम तंजावरच्या चार भावांनी लावला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मराठ्यांच्या दरबारात. दुसरे सरफोजीराजे तर नृत्यासाठी मराठीत रचना करत होते. म्हणजे जे आज सनातन वाटतं ते कधीतरी कुणीतरी बसवलेलंच होतं. 1947 साली मद्रासला देवदासी प्रथेच्या बंदीचा कायदा झाला. ज्या बायकांच्या घराण्यांत हे नृत्य होतं त्या मागं सारल्या गेल्या आणि चांगल्या घरच्या मुली पुढं आल्या. त्याच वर्षी पुण्यात कथक नर्तिका रोहिणी भाटेंनी नृत्यभारती ही संस्था काढली. तेव्हा मध्यमवर्गीय घरांत मुलीनं घुंगरू बांधायचे म्हणजे काय, हे आमच्या आजीच्या तोंडून ताईनं आणि मी एकाच माजघरात ऐकलंय. आज ताई ज्या घराच्या दाराशी पहारा देते त्या घरात तिचं घराणंही उशिराच शिरलेलं आहे.

हे लिहिताना मला बरं वाटत होतं, इथवर. मग प्रश्न आला, की मी लावणी शिकायला गेलो असतो का? मराठी माणूस, अदाकारी आवडते, बैठकीची लावणी ऐकत आलोय. नसतो गेलो. चर्चच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांना, ऑफिसात बॉसला सांगायला कथक बरं पडतं. उत्तरेतलं असलं तरी 'क्लासिकल' आहे. ताईला जी प्रतिष्ठा राखायचीय तीच मला दाखवायचीय, एवढाच फरक.

कारण मी नाचायला लागलो ते काही नाचासाठी नाही. पुण्यात ताईचा रियाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा तेव्हा मी उशी कानावर घ्यायचो. सवाई गंधर्वला जायचो ते मित्र भेटतात म्हणून आणि बाहेरच्या वड्यासाठी. इथं ऑफिसात साउथ एशियन हेरिटेज मंथ आला, एचआरच्या बाईनं मोठ्या प्रेमानं विचारलं, तुम्ही काय सादर कराल? माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मराठी बोलतो हे दिसत नाही. पुण्यात मी अमक्याचा मुलगा, तमक्या आळीतला. काही सिद्ध करायची गरज नव्हती, म्हणून तर उशी घेता आली. इथं मी नुसता भारतीय, आणि भारतीय म्हटलं की पुरावा लागतो. घुंगरू पुरावा म्हणून उत्तम. आवाजही होतो.

आणि पुरावा तपासणारं कुणी नाही. हॉलमधल्या कार्यक्रमात मी समेवर आलो काय, अर्धी मात्रा पुढं पडलो काय, टाळ्या सारख्याच. पोलिश नर्सचा नवरा उभा राहून टाळ्या वाजवतो. बाई चूक सांगतात, पण हसून, 'व्हेरी नाइस, जस्ट वन थिंग' म्हणून. भर कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतून 'च्यॅक' असा आवाज काढणारं कुणी नाही. इथं वय विचारत नाहीत, असं मी ताईला अभिमानानं सांगतो. पण इथं ताल तरी कोण विचारतो? त्या व्हिडिओला ग्रुपवर पंधरा अंगठे आले. एकट्या ताईनं तो मोजून पाहिला होता, आणि लिहिलं, 'बेदम नव्हे, बेताल. शेवटचं थेई समेच्या पुढं गेलंय.' मी रात्री अकरा वाजता, खालच्या माणसाची पर्वा न करता, ते पुन्हा पुन्हा लावून मोजत बसलो. इतक्या वर्षांत मला इतक्या गंभीरपणे कुणी घेतलं नव्हतं.

म्हणून ताई, समोर बसा म्हणणारी पोस्ट झाली, आता दुसरी लिही. पंचेचाळिशीच्या गुडघ्यांनी तत्कार किती वेळ करावा, चक्कर आधी की हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, आधी, मोठ्यांना पढंत आधी द्यावी का, कार्यक्रमात आम्हाला घ्यायचं तर कुठं आणि किती. ऑनलाइन शिकवायचं तर आवाज उशिरा पोचतो, मग लेहरा कुणाच्या बाजूला लावायचा, हेही सांग. तुला तीस वर्षांचं माहीत आहे. तेही वाचीन आणि त्यावरही भांडेन.

आणि थेई पुढं गेलेलं नाही. व्हिडिओत आवाज मागून येतोय. पायाकडे बघ, खालीपासून मोज, नऊच भरतात.