आत्या, काकांचे रिपोर्ट तिथे टाकू नकोस

"मॅस्टोडॉनला मालकच नाही, त्यामुळे तुमचे खासगी मेसेज जगात कुणीच वाचू शकत नाही. कुठलंही सरकार ते बंद पाडू शकत नाही. कितीही कोटी लोक आले तरी हँग होत नाही." मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कबद्दल आठवडाभर फिरणाऱ्या या फॉरवर्डकडे मी काणाडोळा करत होतो. काल आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, "तुझ्या काकांचे रिपोर्ट आता तिकडूनच पाठवू का रे?"

नको, आत्या. अजिबात नको. मालक एक नाही म्हणजे हजारो आहेत. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांना जोडलेले हजारो स्वतंत्र सर्व्हर, आणि प्रत्येक सर्व्हर कुणीतरी ॲडमिन चालवतो. तुझा खासगी मेसेज तुझ्या सर्व्हरवर उघड्या पोस्टकार्डासारखा पडून राहतो. समोरच्याचा सर्व्हर वेगळा असला तर तिथेही. म्हणजे तो वाचू शकणारे ॲडमिन दुप्पट झाले. हे माझ्या पदरचं नाही. वेबवर असा मेसेज लिहायला घेतला की मॅस्टोडॉन स्वतःच बजावतं: इथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येऊ नये अशी सोय) नाही, संवेदनशील माहिती पाठवू नका. फॉरवर्ड लिहिणाऱ्या महाशयांनी ते एकदा उघडून तरी पाहायचं! त्यातून, मेसेजमध्ये डॉक्टरांचा उल्लेख तू त्यांच्या हँडलसकट, म्हणजे @ लावलेल्या खात्याच्या नावासकट, केलास, तर तो मेसेज डॉक्टरांनाही जातो. चहाड्या करायला याहून वाईट जागा नाही.

सरकारचं म्हणशील, तर 'क्वीअर डॉट एएफ' नावाचा सर्व्हर होता. 'एएफ' म्हणजे अफगाणिस्तानचं डोमेन, वेब-पत्त्याचं शेपूट. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानने 'क्वीअर डॉट एएफ' हे नाव निलंबित केलं आणि सर्व्हरचा पत्ताच गेला. बाकीचं मॅस्टोडॉन सुरू राहिलं हे खरं. तेवढं अर्धसत्य देऊन टाकतो, नाइलाजाने.

आणि हँग? ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ट्विटर घेतल्यावर इकडे लोंढा आला, तेव्हा कित्येक सर्व्हरवर पोस्ट रखडत होत्या. तुझे फॉलोअर दोन हजार सर्व्हरवर विखुरले असतील तर एकच पोस्ट दोन हजार दारांत नेऊन टाकावी लागते. वर त्यात लिंक असली तर प्रत्येक सर्व्हर तिचा प्रीव्ह्यू आणायला स्वतंत्र धावतो, आणि बिचारी छोटी वेबसाइटच आडवी होते.

व्हॉट्सॲपबद्दल माझ्या ढीगभर तक्रारी आहेत, पण एंड-टू-एंड एन्क्रिप्शन तिथे आहे. रिपोर्ट तिथेच पाठव. ग्रुपवर नको, मला एकट्याला.