दटावून जीभ सुटते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. बोलताना अडखळणाऱ्या मुलांवरच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘उभं करून वाचायला लावलं नाही तर पोरगं जन्मभर तोंड लपवेल. आमच्या वेळी दटावलं की जीभ सुटायची.’ पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. वाचनातून सूट देऊच नये.

दटावण्याचं मात्र तसं नाही. अडखळणं बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि साधारण चारांपैकी तिघांचं आपोआप थांबतं, ओरडा बसो वा न बसो. उरलेली मुलं ओरड्याने लपवायला शिकतात. ‘पाणी’ अडलं तर ‘तहान लागलीय’ म्हणतात, उत्तर येत असूनही ‘येत नाही’ सांगतात. गुरुजींना वाटतं, सुधारला. पण स्वतःचं नाव बदलून सांगता येत नाही, म्हणून नेमकं तेच अडतं. पुढे मुलगी बघायला गेल्यावरही पहिला प्रश्न नावाचाच असतो!

तेव्हा वाचायला लावा, पण जोडीने. दोघं एकाच वेळी तोच उतारा वाचत असतील तर अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. काही दिवस पूर्ण उतारा जोडीने, मग दोन ओळींनंतर सोबत्याने आवाज बारीक करायचा, शेवटी फक्त पहिलं वाक्य सोबत. एकदम एकटं सोडलंत तर मूल पुन्हा गप्प होतं. तसं झालं तर एक पायरी मागे या. ओळीने वाचन घेत असाल तर त्याला पहिल्या दोघांत घ्या, कारण पाळीची वाट बघताना भीती वाढत जाते. हे सगळं त्याच्याशी आधी एकट्याने बोलून ठरवा, वर्गासमोर नको.

‘हळू बोल, श्वास घे’ हेही टाळा. मूल मोठा श्वास घेऊन तो रोखून धरतं, आणि घसा आणखी आवळतो. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, नजर वळवू नका. तो काय म्हणाला त्याला उत्तर द्या, कसा म्हणाला त्याला नको. मित्रांनी आणि पुढे जोडीदारानेही एवढं पाळलं तरी खूप झालं. भाषेच्या तोंडी परीक्षेआधी परीक्षकांना कल्पना द्या, जास्त वेळ मागा.

शाळकरी वयात अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं सुरू झालं, तर वाचाउपचारतज्ज्ञांना दाखवा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे.